वृक्षादनी की वृक्षरुहा?

'बांडगूळ' हा शब्द आपण मराठी माणसे झाडांपेक्षा माणसांसाठीच अधिक वापरतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, आयत्या बिळावरचा नागोबा, फुकटखाऊ, या सर्वांना मिळून हा एकच ठसकेबाज शब्द आपण राखून ठेवला आहे. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या सरसकट वापराबद्दल. फांदीवर मातीवाचून जे जे वाढलेले दिसेल ते ते बांडगूळ, असे आपण धरून चालतो. त्यामुळे ज्येष्ठात आंब्याच्या खोडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे गजरे सोडणारी सीतेची वेणीही बांडगुळांत जमा होते, आणि आंब्याचे भले करायच्या सद्‌हेतूने कोणीतरी कोयता घेऊन ती खरवडून टाकतो.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि पेशाने शिक्षक. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तरीही गेली अनेक वर्षे आमच्या परसात आणि पडवीत मी झाडावर वाढणारी ऑर्किडे सांभाळतो आहे. ऑर्किडांना मराठी शास्त्रग्रंथांत 'आमरी' म्हणतात. ती वाढवताना हळूहळू ध्यानात आले की या रोपाच्या मागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो बहुतांशी एका गैरसमजाचा इतिहास आहे. दुसऱ्याच्या अंगावर राहणे आणि दुसऱ्याचे अंग खाणे यांतला फरक माणसाला कळायला किती काळ लागला, त्यापायी किती रोपे मेली आणि तो कळल्यावर काय घडले, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आरंभ आपल्याच भाषेच्या आजीपासून करू. अमरकोशातल्या वनौषधिवर्गात 'वन्दा' असा एक शब्द येतो. त्याचे जे पर्याय तिथे दिले आहेत त्यांत दोन शेजारी शेजारी आहेत : 'वृक्षादनी' आणि 'वृक्षरुहा'. वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर उगवणारी. एक आरोप आहे, दुसरे नुसते वर्णन. कोशकाराने दोन्ही एकाच माळेत ओवून ठेवली. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. खालून वर पाहणाऱ्याला खरे बांडगूळ आणि ऑर्किड ही दोन्ही फांदीवरच दिसतात, आणि दोन्ही हिरवीगार असतात.

फरक पाहायचा तर झाडावर चढावे लागते. खऱ्या बांडगुळाचे बी फुलटोच्या पक्षी फांदीवर आणून टाकतो. ते रुजले की त्याची शोषकमुळे साल फोडून आत लाकडात शिरतात. जिथे ती शिरतात तिथे फांदी गाठीसारखी फुगते आणि पुढे वाळत जाते. बांडगूळ आपले अन्न हिरव्या पानांत स्वतः तयार करते हे खरे, पण पाणी आणि क्षार ते यजमान झाडाकडून घेते. ऑर्किडाचे तसे नाही. त्याची मुळे सालीवर पसरतात, सालीला घट्ट धरतात, पण आत शिरत नाहीत. नखाने हळूच उचलली तर खालची साल जशीच्या तशी असते. पावसाचे पाणी, दव, सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा आणि धूळ यांवर त्याचा संसार चालतो. झाडाकडून ते काय घेते? बसायला जागा, आणि उजेडापर्यंतची उंची.

या वनस्पतींची पद्धतशीर नोंद छापली गेली ती सतराव्या शतकात, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारातल्या वनस्पतींचा 'हॉर्टुस मलबारिकुस' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. ७०० हून अधिक वनस्पतींची वर्णने आणि तितकीच सुंदर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे त्यात आहेत. या कामात इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट असे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकात गोव्यातून जी कुटुंबे दक्षिणेकडे गेली, त्यांच्या समाजातले हे तिघे. निघंटूंच्या आधारे आपण ही माहिती दिली असे त्यांनी १६७५ साली लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे. ते नागरी लिपीत, कोकणी भाषेत आहे. चित्रांवरची नावेही रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत आहेत. एका झाडाचे नाव चार लिप्यांत लिहून एकाच पानावर छापणे त्या काळी कोणाला अवघड वाटले नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या दुभाषी जिल्ह्यातल्या माणसाला थोडी थांबून वाचावीशी वाटते.

बाराव्या खंडात झाडावरची ऑर्किडे आहेत. त्यांतले 'अंजेली-मारवारा' म्हणजे आपली सीतेची वेणी. अंजिली हे तिकडच्या रानफणसाच्या जातीचे झाड, आणि 'मरवाळ' म्हणजे मल्याळममध्ये झाडावरची केळ. नाव देणाऱ्याने खाण्यापिण्याचा आरोप न करता दिसले तेवढेच सांगितले. व्हान रीडला हा खंड छापील पाहता आला नाही. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीहून सुरतेला जाताना मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच तो वारला. त्याचे दफन सुरतेत झाले.

पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली. सीतेची वेणी त्याला व्हान रीडच्या ग्रंथातून भेटली, आणि तिला त्याने 'एपिडेंड्रम रेट्युसम' म्हटले. एपिडेंड्रम हा ग्रीक शब्दांवरून केलेला जोड, अर्थ 'झाडावरचे'. म्हणजे आपला 'वृक्षरुहा' हाच अर्थ युरोपात निराळ्या वाटेने पोचला. १८२५ साली जावात काम करणाऱ्या ब्लूम या शास्त्रज्ञाने 'ऱ्हिंकोस्टायलिस' ही प्रजाती वेगळी काढली आणि आज शास्त्रात सीतेच्या वेणीचे नाव 'ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा' असे आहे. 'वन्दा' या संस्कृत शब्दाचे नशीब आणखी विलक्षण. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स यांनी भारतीय वनस्पतींवरच्या आपल्या टिपणांत एका ऑर्किडाचे वर्णन 'वन्दा' या नावाने केले. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये छापली गेली. १८२० साली रॉबर्ट ब्राउनने तेच नाव शास्त्रात पक्के केले. आज बँकॉकपासून मायामीपर्यंतचे फूलवाले ज्याला व्हँडा म्हणतात तो हाच अमरकोशातला शब्द. सिंगापूरने १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेले 'व्हँडा मिस जोकिम' याच शब्दाने ओळखले जाते. वृक्षादनीचा आरोप मागे पडला आणि नाव मात्र जगभर गेले.

नाव नीट मिळाले, पण वागणूक नीट मिळायला आणखी शंभर वर्षे लागली. इंग्लंडात उष्ण देशांतली ऑर्किडे अठराव्या शतकातच पोचू लागली होती. तिथल्या माळ्यांपुढे प्रश्न होता तो या रोपांना लावायचे कसे हा. रोप म्हटले की माती आणि कुंडी. ज्यांनी ही रोपे परोपजीवी मानली त्यांनी कुजलेले लाकूड आणि पानांचा चुरा घातला. कशातही पुरली तरी मुळे कुजायची आणि रोप महिन्या-दोन महिन्यांत काळे पडायचे. १८१२ साली लंडनजवळच्या हॅकनी येथील लॉडिजिस यांच्या रोपवाटिकेत माँटेव्हिडिओहून एक ऑन्सिडियम आले. ते आणणाऱ्या गृहस्थाने सांगितले की माती न घालता हे मी जहाजाच्या खोलीत नुसते टांगून ठेवले होते आणि प्रवासाचा बहुतेक काळ ते फुलत होते. ऐकणाऱ्यांना ही प्रवाशाची थाप वाटली. खरे उत्तर त्या एका वाक्यात आले होते, पण ते एका सामान्य प्रवाशाच्या तोंडून आले म्हणून कोणी मनावर घेतले नाही. इतिहासात असे पुष्कळदा होते.

त्यानंतर काहींनी प्रयोग केले. सर जोसेफ बँक्स यांनी १८१७ च्या सुमारास वेताच्या हलक्या करंड्यांत शेवाळ घालून रोपे टांगून पाहिली आणि त्यांना यशही आले. पण १८३० साली जॉन लिंडले या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने एक निबंध वाचला आणि त्यावरून असा समज दृढ झाला की ऑर्किडांना भरपूर उष्णता, दाट सावली आणि सतत ओल हवी. लिंडलेचा अधिकार एवढा मोठा की घरोघरच्या काचघरांत कोळशाच्या शेगड्या पेटल्या, झरोके बंद झाले आणि आत दमट वाफ कोंडली गेली. उष्ण कटिबंध म्हणजे सगळीकडे एकच कोंदट जंगल, ही कल्पना त्यामागे होती. सह्याद्रीच्या कड्यावरचे वारे, फाल्गुन-चैत्रातला कोरडेपणा, फांदीच्या शेंड्यावरचे ऊन, यांतले काही त्या काचघरात नव्हते. उष्ण देशांतल्या ऑर्किडांची इंग्लंड ही दफनभूमी झाली आहे असे मग तिथलेच जाणकार खेदाने म्हणू लागले.

या कोंडवाड्याचे झरोके उघडणाऱ्यांत जोसेफ पॅक्स्टनचे नाव आदराने घ्यावे लागेल. तो डेव्हनशायरच्या ड्यूकचा माळी, चॅट्सवर्थचा. हवा खेळती ठेवायची, फरशीवर पाणी शिंपून गारवा आणायचा, आणि रोप ज्या हवेतून आले असेल तशा हवेच्या वेगळ्या घरात ते ठेवायचे, अशी त्याची साधी रीत होती. जॉन गिब्सन नावाच्या आपल्या हाताखालच्या तरुण माळ्याला ड्यूकने १८३५ मध्ये हिंदुस्थानात पाठवले. तो खासी टेकड्यांतून कित्येक नवी ऑर्किडे घेऊन १८३७ साली परतला. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यापासून रोपे जपण्याचा उपाय तोवर सापडला होता. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीत आपोआप उगवलेले नेचे दिसले आणि त्यावरून त्यांनी काचेची बंद पेटी तयार केली होती.

या सगळ्या धामधुमीतला एक प्रसंग जोसेफ हूकर यांनी आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात नोंदवला आहे. १८५० साली खासी टेकड्यांत त्यांना निळा व्हँडा फुललेला सापडला. खुज्या वाकड्यातिकड्या ओक वृक्षांवर, उघड्या वाऱ्यात आणि उन्हात तो उभा होता. सात हमालांची ओझी होतील एवढी रोपे त्यांनी लंडनच्या क्यू बागेसाठी गोळा केली. त्यांतली फार थोडी जिवंत पोचली. त्याच जागेवरून दुसऱ्या एका गृहस्थाने एका हमालाचे ओझे इंग्लंडला विक्रीला पाठवले. ते अगदी खराब अवस्थेत पोचले, तरी त्याचे ३०० पौंड आले. एकेका रोपाला तीन ते दहा पौंड पडले. हूकर यांना खटकले ते आणखी वेगळे. डोंगरावर वाऱ्याउन्हात राहणारे हे रोप विलायतेत नेऊन कोंदट उष्ण घरात ठेवतात, मग ते फुलणार कसे, असा त्यांचा सवाल होता.

रोपाला पैसा चिकटला की जंगलाचे काय होते ते पुढच्या चाळीस वर्षांनी दाखवले. ऑर्किडांचे शिकारी म्हणून एक जमातच निर्माण झाली. अल्बर्ट मिलिकन या शिकाऱ्याने १८९१ मध्ये छापलेल्या पुस्तकात स्वतःच सांगितले आहे की कोलंबियात दोन महिन्यांत सुमारे १०,००० रोपे मिळवण्यासाठी त्याच्या माणसांनी सुमारे ४,००० झाडे तोडली. वृक्षादनी कोण, हा प्रश्न इथे विचारायला हरकत नाही. रोप झाडाला खात नव्हते. रोपाची हाव धरणारा माणूस मात्र झाडेच्या झाडे खात होता.

ही लूट थांबवण्याची वाट प्रयोगशाळेतून निघाली. ऑर्किडाच्या एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या बारीक. भाताच्या किंवा हरभऱ्याच्या बीत जशी शिदोरी असते तशी त्यांत नसते. त्यामुळे पेरल्या तरी त्या उगवत नसत. नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाने १८९९ साली शोधून काढले की एका विशिष्ट बुरशीने त्या बीत प्रवेश केला तरच ते रुजते. बुरशी त्या बाळाला भरवते. बर्नार छत्तिसाव्या वर्षी, १९११ मध्ये वारला. त्याच्या शोधाच्या आधारे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की आगरच्या लगद्यात साखर आणि क्षार घालून बाटलीत बी पेरले तर बुरशीवाचूनही रोप तयार होते. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मॉरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकाची अनेक रोपे करण्याची रीत ऑर्किडांना लावली. आज आपल्याकडच्या लग्नमांडवात जी जांभळी-पांढरी डेंड्रोबियम लावतात ती या तीन माणसांच्या कामामुळे. पूर्वी ड्यूकच्या काचघरात असलेली चीज आता रोपवाटिकेत कोणालाही परवडेल अशा किमतीला मिळते, आणि तिच्यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बेळगाव, धारवाड, कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होते. त्यामुळे आपल्या रानांची नोंद सापडते ती 'मुंबई'च्या नावाने छापलेल्या ग्रंथांत. डॅलझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चा. हा गिब्सन म्हणजे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे अलेक्झांडर गिब्सन, चॅट्सवर्थचा माळी नव्हे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. आणि फक्त ऑर्किडांवरचे पुस्तक लिहिले ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी कपाडिया यांनी, १९६६ मध्ये. सीमा १९५६ साली सरकली. चोर्ल्याच्या घाटातल्या आणि जांबोटीच्या रानातल्या झाडांना ती कळली नाही.

नावांनाही ती कळली नाही. घाटाखाली आणि घाटावर मराठी बोलणारे ज्याला सीतेची वेणी म्हणतात, त्यालाच मलनाडातले कन्नड बोलणारे 'सीते दंडे' किंवा 'सीताळे दंडे' म्हणतात. दंडे म्हणजे माळ. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हे फूल एकाच बाईच्या केसांत माळले आहे. वनवासात दागिने कुठले, म्हणून रानाने तिला हा गजरा दिला असणार, एवढी कल्पना दोन्ही भाषांतल्या बायकांना सारखीच सुचली. आसामात याच फुलाला कपौ म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ते केसांत खोवतात. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचे ते राज्यफूल आहे.

आम्हा सीमाभागातल्या मंडळींना 'उपरे' हा शब्द दोन्ही बाजूंनी ऐकण्याची सवय आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न निघाला की तिसरी इंग्रजी. इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे, तिकडचे म्हणतात तुमची भाषा आता आमच्यासारखी राहिली नाही. माणूस म्हणजे वनस्पती नव्हे, आणि उपमा फार ताणली की फाटते, हे वर्गात मुलांना मीच सांगतो. तरीही एवढे म्हणतो की कोणी कुठे मुळे पसरली आहेत यावरून तो खाणारा की नुसता राहणारा हे ठरत नाही. ते पाहायचे तर जवळ जाऊन, नखाने मूळ उचलून पाहावे लागते. लांबून पाहणाऱ्यांनी पुष्कळ गोष्टी खरवडून टाकल्या आहेत.

आता जे घरी करता येते ते सांगतो. आपल्या हवेला सीतेची वेणी आणि चौकटीच्या नक्षीचा पिवळट-तपकिरी व्हँडा ही दोन सर्वांत सोयीची. ही उष्ण हवेतली रोपे आहेत. बेळगावात हिवाळ्यातल्या पहाटे पारा १२ ते १४ अंशांपर्यंत उतरतो, तेवढे ती सोसतात. हूकर यांना सापडलेल्या निळ्या व्हँडाला मात्र डोंगराचा गारवा लागतो, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करू नये.

रोप मातीत लावायचे नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. परसात आंबा किंवा फणस असेल तर त्याच्या खडबडीत खोडावर, पूर्वेकडचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी, काथ्याच्या सुंभाने रोप बांधावे. मुळे सालीला टेकली पाहिजेत, गळफास बसता कामा नये. वर्षभरात मुळे खोडाला धरतात आणि मग काथ्या कुजून गळून पडला तरी चालते. झाड नसेल तर लाकडी पट्ट्यांची करंडी करून त्यात लोणारी कोळशाचे आणि विटांचे तुकडे, वर नारळाच्या सोडणाचे दोन तुकडे घालावेत आणि ती पडवीच्या कडेला टांगावी. भोवताली हवा खेळली पाहिजे. पॅक्स्टनने जे शिकायला वर्षे घालवली ते आपल्या पडवीत आयते आहे.

पाणी सकाळी द्यावे. कोरडे मूळ चांदीसारखे पांढरे दिसते. त्याच्यावर स्पंजासारखा एक मेलेल्या पेशींचा थर असतो. पाणी पडले की तो ते शोषतो आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. मी दरवर्षी नववीच्या मुलांना वाटीभर पाणी घेऊन हे दाखवतो. बघता बघता मूळ हिरवे होते आणि मागच्या बाकावरचेसुद्धा पुढे येतात. मूळ हिरवे झाले की पाणी पुरे, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा पांढरे झाले पाहिजे. उन्हाळ्यात रोज, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड. पावसाळ्यात निसर्गच देतो. आमच्याकडचा पश्चिमेचा झोडपणारा पाऊस करंडीत बसत असेल तर ती थोडी वळचणीच्या आत घ्यावी. पानांच्या बेचक्यात पाणी साठून राहिले तर कोंब कुजतो, म्हणून करंडीतले रोप थोडे तिरके बसवावे. खत म्हणून शेणाचे गाळलेले अगदी पातळ पाणी, किंवा बाजारातले विद्राव्य खत सांगितलेल्या मात्रेच्या पाव हिश्शाने, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा पुरते. पाने काळपट हिरवी झाली तर ऊन कमी पडते आहे, पिवळट होऊन डाग पडले तर जास्त होते आहे. मध्यम, थोडा पोपटी हिरवा रंग म्हणजे ठीक. रोपवाटिकेतले लहान रोप फुलायला काही वर्षे घेते, आणि नव्या जागी बसवल्यावर एखादा हंगाम रुसूनही बसते. त्याला इलाज नाही.

रोप कुठून आणायचे, हा शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. घाटातल्या रस्त्याच्या कडेला उन्हाळ्यात गोणपाटावर मांडून सीतेच्या वेणीचे झुबके विकायला बसलेली माणसे आपण पाहिली आहेत. ती रोपे जंगलातली असतात. झाडावरून ओढून काढताना निम्मी मुळे तुटतात आणि घरी आणलेली त्यांतली बरीचशी हूकर यांच्या सात ओझ्यांच्या वाटेने जातात. राखीव जंगलातून रोप उपटून आणणे कायद्याने गुन्हा आहे. धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला, त्यातही ऑर्किडांचे सबंध कुळ घातलेले आहे. भारत १९७६ पासून त्या करारात आहे. पण कायद्याच्या आधी साधा हिशेब पाहावा. जंगलातला एक झुबका तयार व्हायला पुष्कळ वर्षे लागली, त्याआधी धुळीएवढ्या लाखो बियांतल्या एखादीला नेमकी बुरशी भेटावी लागली. बाटलीत वाढवलेले रोप रोपवाटिकेत मिळत असताना तो झुबका ओढून आणणे म्हणजे नडसनच्या आधीच्या काळात परत जाणे. वादळात मोडून पडलेल्या आपल्याच आवारातल्या फांदीवर रोप असेल, तर ते मात्र जरूर उचलून दुसऱ्या झाडावर बांधावे. आमच्या शाळेच्या आवारातल्या जुन्या आंब्याची फांदी पडली तेव्हा मुलांनी तसे केले. त्यांतली दोन रोपे आज पलीकडच्या फणसावर फुलतात.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा दिवाळीची थंडी पडू लागलेली असेल. हे दिवस नवे रोप बांधण्याचे नव्हेत. ज्यांच्या घरी रोप आहे त्यांनी आता पाणी कमी करावे, खत बंद ठेवावे आणि उन्हाची तिरीप दक्षिणेकडे सरकली की करंडीही तेवढी सरकवावी. ज्यांना नव्याने लावायचे आहे त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास रोपवाटिकेतून आणावे, म्हणजे वळवाच्या पावसाबरोबर मुळे चालू लागतील. आणि आपल्या किंवा शेजाऱ्याच्या आंब्यावर काही हिरवे लोंबताना दिसले, तर कोयता काढण्याआधी शिडी लावून एकदा वर जावे. फांदीला गाठ असेल आणि मुळे आत शिरली असतील तर ते बांडगूळ. तेवढी फांदी छाटावी. मुळे सालीवरच असतील तर खाली उतरावे आणि मृग नक्षत्राची वाट पाहावी.